टुं, फिस आणि ढब

नवी भाषा तयार करण्याचे तीन फायदे असतात, असं त्या मासिकात छापलेलं होतं. एक, स्मरणशक्ती वाढते. दोन, बुद्धीला धार येते. तीन, घरात एकोपा नांदतो. पुढचं पान न्हाव्याने वस्तऱ्याचा साबण पुसायला आधीच फाडून घेतलं होतं, त्यामुळे तोटे कोणते हे तक्रारभाऊंना त्या दिवशी कळलं नाही. पुढे कळले, पण ते वाचून नव्हे.

तक्रारभाऊ हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते पाणीखात्याच्या तक्रार विभागात हेडक्लार्क होते, आणि नळ कोरडा पडला की सगळी इमारत ऑफिस उघडायची वाट न बघता थेट त्यांच्या दाराची कडी वाजवायची, म्हणून ते तक्रारभाऊ. खुद्द त्यांनी जन्मात कुणाची तक्रार केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाची फारशी निवारलीही नव्हती. त्यांच्या विभागात दोनच शिक्के होते, 'प्रलंबित' आणि 'निकाली'. पहिला झिजून गुळगुळीत झाला होता आणि दुसऱ्याचं रबर अजून दुकानातून आणल्यासारखं दिसत होतं. एकदा 'प्रलंबित' झालेली गोष्ट तिथून हलल्याचं कुणाच्याही स्मरणात नव्हतं.

तिसरा फायदा वाचून ते खुर्चीतच ताठ झाले, आणि न्हावी "अहो, मान! मान!" म्हणून ओरडला. पण मानेची पर्वा कुणाला? एकोपा ही वस्तू त्यांच्या घरातून अशी काही बेपत्ता झाली होती, की तिच्यासाठी मान कापून घ्यायचीही त्यांची तयारी होती. त्यांचे वडील नाना आणि ते यांच्यात अबोला होता.

नाना निवृत्त तारमास्तर. सगळी हयात कट्ट-कडकट्ट ऐकण्यात गेलेली. निरोप देताना खात्याने त्यांचं तार पाठवायचं पितळी यंत्र त्यांनाच भेट दिलं होतं, आणि दुपारची जेवणं झाली की नाना ते मांडीवर घेऊन कुठेही न पोचणाऱ्या तारा पाठवत बसायचे. घराला रंग काढताना तक्रारभाऊंनी माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांबरोबर ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. मुद्दाम नव्हे. यंत्र एका डब्यात होतं आणि डबा उघडून बघायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ते धावतपळत भंगारवाल्याकडे गेले, तोवर यंत्र भट्टीत गेलेलं होतं. नानांनी विचारलं तेव्हा नुसतं 'चुकलं' म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण हेडक्लार्कच्या जिभेला वळणच वेगळं. ते म्हणाले, "डब्यावर नाव घालून ठेवायला हवं होतं."

नाना उठून उभे राहिले. "यापुढे या तोंडातून तुझ्यासाठी एक शब्द निघाला, तर मी तारमास्तर नव्हे!"

आता नानांची शपथ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तरुणपणी एकदा त्यांचा वरिष्ठ थट्टेत म्हणाला होता, "आमचे तारमास्तर चहा पोटात गेल्याशिवाय तारेला हात लावत नाहीत." नानांनी हातातला भरलेला कप खाली ठेवला आणि त्या क्षणापासून चहा सोडला. वरिष्ठ गेला, तारखातंही गेलं, चहा काही परत आला नाही. घरात चहा उकळायला लागला की नाना खिडकीशी जाऊन उभे राहत आणि बाहेर बघत. बघण्यासारखं बाहेर काही नसे.

तेव्हापासून सगळा व्यवहार वहिनींमार्फत. वहिनी म्हणजे तक्रारभाऊंची बायको. अख्खी इमारत तिला वहिनीच म्हणायची. "सूनबाई, त्याला सांग, पंखा जरा कमी कर." पंख्याचं बटण आणि 'तो' यांच्यात हातभराचं अंतर आणि वहिनी स्वयंपाकघरात. "सूनबाई, त्याला विचार, माझा चष्मा बघितलास का?" चष्म्यावर तो बसलेला. शेवटी वहिनी कंटाळून म्हणाल्या, "मी या घरात सून म्हणून आले, तारऑफिस म्हणून नाही."

त्यातच ताईचा फोन आला. ताई म्हणजे तक्रारभाऊंची थोरली बहीण. नानांना ती आपल्या घरी घेऊन जाणार होती, आणि तेही कायमचं. पुढल्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली. नानांनी फोनवरच "बरं" म्हटलं. नाना जाऊ नयेत, असं त्यांना पोटातून वाटत होतं. पण हे नानांना सांगणार कोण? ते सांगणार, आणि उत्तर वहिनींकडून येणार? आणि आधी वाकायचं कुणी? पन्नाशीच्या माणसाला, हाताखाली चार कारकून असलेल्या माणसाला, काही मान असतो की नाही?

नानांना कसं थांबवावं याचा विचार नवराबायकोला करायचा होता. पण घर दोन खोल्यांचं आणि नानांचे कान तारमास्तराचे. शेजारच्या बिऱ्हाडात दूध उतू गेलं तरी ते इकडे सांगत. आणि नेमक्या अशा वेळी न्हाव्याकडे ते मासिक.

तीन संध्याकाळी खपून तक्रारभाऊंनी भाषा उभी केली. त्यांना लिहिण्याचा एकच नमुना येत होता, तो म्हणजे ऑफिसचा. त्यामुळे त्यांच्या भाषेतलं प्रत्येक वाक्य 'टुं' ने सुरू व्हायचं. टुं म्हणजे 'विषय'. मग गोष्ट काय ती सांगायची आणि शेवटी तिची सद्यःस्थिती. व्हायची असेल तर 'फिस', म्हणजे प्रलंबित. झाली असेल तर 'ढब', म्हणजे निकाली. मी म्हणजे 'पिप'. जाणं म्हणजे 'सुर्र'. चूक म्हणजे 'खट्ट'. चहा म्हणजे 'लप'. आणि नानांना आपल्याविषयी बोलणं चाललंय हे कळू नये म्हणून त्यांचं नाव 'गुंबा'.

"वडिलांना गुंबा?" वहिनी म्हणाल्या.

"सांकेतिक आहे गं ते."

"संकेतातसुद्धा माणूस बरं नाव ठेवतो."

पण वहिनी हुशार. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शेगडीपाशी उभं राहून विचारलं, "टुं लप?" आणि तक्रारभाऊ भारावून म्हणाले, "टुं लप, फिस!" चहा अजून व्हायचाय. भाषा चालली! पलीकडच्या खोलीत नाना आडवे पडले होते. त्यांचं एक बोट खाटेच्या लोखंडी दांडीवर हळूहळू वाजत होतं, पण या विजयाच्या गडबडीत तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

गाडी पुढे मात्र सरकेना. तक्रारभाऊ कुजबुजायचे, "टुं गुंबा सुर्र, फिस." म्हणजे नानांचं जाणं अजून व्हायचंय, काहीतरी कर. आणि वहिनी पुन्हापुन्हा एकच वाक्य पुढे करायच्या. "टुं खट्ट, पिप. एवढं एकदा त्यांच्यासमोर म्हणा. बाकी सगळं माझ्यावर सोडा."

'टुं खट्ट, पिप.' विषय चूक, मी.

"ते मी उदाहरणादाखल केलंय," तक्रारभाऊ दुखावून म्हणाले. "वापरायला नाही." माफी हा शब्द त्यांनी भाषेत घेतलाच नव्हता. तक्रार विभागात त्याची कधी गरज पडली नव्हती.

आता एकोपा राहिला बाजूला आणि भाषा भिंतीतून झिरपायला लागली. पहिल्यांदा आल्या शेजारच्या काकू. त्यांनी दोन दिवस भिंतीला कान लावून पक्कं निदान केलं होतं की तक्रारभाऊंची जीभ लुळी पडायला लागली आहे. "लपवू नका हो," त्या वहिनींचा हात धरून म्हणाल्या. "आमच्या जावयाच्या मावसभावालाही असंच झालं होतं. रोज सकाळी पेन्सिल दातात धरून आकडे म्हणायला लावा." त्या जाताना पेन्सिलही ठेवून गेल्या. मग दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी जिन्यात 'फिस' ऐकलं होतं आणि त्यांना झोप लागली नव्हती. भाषा घरीच केलेली आहे हे कळल्यावर त्यांना आधी वाईट वाटलं आणि मग फार आनंद झाला. त्यांनी सगळे नियम समजावून घेतले आणि मान हलवली.

"अपवाद कुठे आहेत?"

"अपवाद नाहीत. मुद्दामच ठेवले नाहीत. सोपी जावी म्हणून."

"भाऊ, ज्या भाषेत मुलं नापास होत नाहीत, ती भाषा कसली?" असं म्हणून हेडमास्तरांनी तिथल्या तिथे चार अपवाद घालून दिले.

तिसरा आला तो सेक्रेटरी. इमारतीचा सेक्रेटरी हा माणूस स्वतःच्या घरी शिंकला तरी त्याची नोंद ठेवणारा. त्याने जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लावली : 'सामाईक जागेत सभासदांना न कळणारी भाषा बोलण्यास पूर्वपरवानगी आवश्यक आहे.' तक्रारभाऊ परवानगी मागायला गेले, तेव्हा त्याने अर्ज पुढे केला. भाषा कायमस्वरूपी की तात्पुरती? भाषा बोलणाऱ्यांची संख्या? पैकी भाडेकरू किती? शेजाऱ्यांचा ना-हरकत दाखला? तक्रारभाऊंनी आयुष्यभर लोकांकडून असेच अर्ज भरून घेतले होते, पण टेबलाच्या या बाजूला खुर्ची इतकी टणक असते हे त्यांना आज समजलं. "होईल कधी परवानगी?" त्यांनी विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, "प्रलंबित समजा."

शेवटी विषय सभेत गेला. काकू म्हणाल्या, आपल्याला काय बोलतात ते कळलं पाहिजे. हेडमास्तर म्हणाले, लोकांना शिकवा. सेक्रेटरी म्हणाला, जिना सामाईक, गच्ची सामाईक, मग भाषाच तेवढी खासगी का? आणि एकमताने ठरलं, की तक्रारभाऊंनी रोज संध्याकाळी गच्चीवर सर्व सभासदांना सदर भाषा शिकवावी. तक्रारभाऊंची सही घेण्यात आली. गुपित राखण्यासाठी काढलेल्या भाषेचा वर्ग घेणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस नसेल. ती गच्ची बरोबर त्यांच्याच घरावर होती आणि नानांची खाट बरोबर गच्चीच्या दाराखाली होती, पण ही गोष्ट सभेपुढे विषय म्हणून आलीच नव्हती.

दोन आठवड्यांत इमारत बोलायला लागली. पाणी आलं की खालून आरोळी यायची, "टुं नळ, ढब!" तळमजल्याचे लोक 'फिस' ला 'फुस' म्हणत, ते वरच्या मजल्यांना अशुद्ध वाटे, आणि त्यावरून जिन्यात दोनदा भांडणं झाली. ती भांडणं अर्थात जुन्याच भाषेत झाली, कारण नव्या भाषेत शिव्या घालायच्या राहून गेल्या होत्या. हेडमास्तरांनी आणखी अपवाद वाढवले आणि पहिल्या चाचणीत खुद्द तक्रारभाऊंना नापास केलं. "भाषा आता तुमची राहिलेली नाही," त्यांनी सांत्वन केलं. तक्रारभाऊ त्या रात्री वहिनींशी बोलले नाहीत. बोलणार कुठल्या भाषेत? आता सगळ्याच सगळ्यांना कळत होत्या.

सवय वाईट असते, हे त्यांना ऑफिसात कळलं. एक दिवस फुटलेल्या जलवाहिनीच्या फाइलवर त्यांच्या हातून शेरा पडला, 'टुं वाहिनी, फिस.' लक्षात आलं तेव्हा फाइल वर गेलेली होती. एवढ्या वर्षांची नोकरी, आणि निलंबनाचं कारण काय, तर टुं! दिवसभर ते शिपायाच्या पावलांकडे कान लावून बसले. संध्याकाळी फाइल परत आली. खाली एका साहेबांचं 'सहमत' होतं, त्याखाली दुसऱ्यांचं 'वरीलप्रमाणे', आणि सगळ्यात खाली मोठ्या साहेबांची लफ्फेदार सही. तक्रारभाऊंनी जन्मात इतका मोठा सुस्कारा सोडला नव्हता. ऑफिस सुटताना मोठ्या साहेबांनी मात्र त्यांना जिन्यात गाठलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "सकाळी मी सही कशावर केली हो?"

"वाहिनी अजून दुरुस्त व्हायची आहे, साहेब."

"मग ठीक आहे," साहेब म्हणाले, आणि तेही सुटल्यासारखे झरझर खाली उतरले.

असं होता होता तो रविवार येऊन ठेपला. ठरवायचं ते काहीच ठरलं नव्हतं. ताई आली. फाटकाशी गाडी उभी राहिली. ताई वर येऊन म्हणाली, "काय रे, तोंड का असं? मी काय त्यांना तुरुंगात नेतेय?" नानांची ट्रंक आदल्या दिवशीच बांधून झाली होती. नानांनी टोपी घातली, वहिनींच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, त्याला सांग, मी निघालो." वहिनी काही सांगायच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

नाना कठड्याला धरून जिना उतरायला लागले. पुढे ताई, मागे ट्रंक घेतलेले तक्रारभाऊ. इमारत जिन्यात लोटली होती. प्रत्येक दारातून सल्ला येत होता. काकू म्हणाल्या, गाडीत खिडकीपाशी बसवा. सेक्रेटरी म्हणाला, सभासद कायमचा जात असल्यास तसं लेखी द्यावं लागेल. हेडमास्तर गहिवरून म्हणाले, "टुं गुंबा सुर्र..." आणि शेवटी कोणता शब्द लावावा हे न उमगून तिथेच थांबले.

त्या अर्धवट वाक्याने तक्रारभाऊंचे पाय जागेवर खिळले. ट्रंक एकदम फार जड लागायला लागली. उद्या खाटेच्या त्या दांडीवर कुणाचं बोट वाजणार नाही. पंखा कमी कर म्हणून कुणी सांगणार नाही. नानांना हाक मारावी, एवढंच त्यांना करायचं होतं, पण जन्मापासून येणारी भाषा घशात अडकून बसली. 'नाना, माझं चुकलं' हे तीन शब्द इतके जुने आणि इतके मोठे, की ते बाहेर यायलाच तयार नव्हते. त्यांनी ट्रंक पायरीवर ठेवली. आणि मग, कसं कोण जाणे, तोंडातून ते उदाहरणादाखल केलेलं वाक्य निघालं.

"टुं खट्ट, पिप."

जिन्यातली सगळी तोंडं त्यांच्याकडे वळली.

"अहो, 'पिप' आधी येतो ना?" काकू कुजबुजल्या.

"नाही. वाक्य बरोबर आहे," हेडमास्तर म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

नाना थांबले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांचं बोट कठड्यावर वाजायला लागलं, हळूहळू, जणू कुठून तरी तार येत होती आणि ते ती उतरवून घेत होते. मग नाना वळले आणि सरळ मुलाच्या डोळ्यांत बघून म्हणाले,

"टुं खट्ट, ढब."

चूक, निकाली.

ताई म्हणाली, "हे काय बोलताय नाना?" नाना एक पायरी वर चढले, ट्रंकेच्या कडीला हात घातला आणि शांतपणे म्हणाले,

"टुं गुंबा सुर्र, फिस."

जाणं, प्रलंबित. तक्रारभाऊ मटकन पायरीवर बसले. प्रलंबित म्हणजे काय, हे त्या जिन्यात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

"पण नाना, तुमची शपथ!" सेक्रेटरी पुढे आला. "तुम्ही यांच्याशी बोललात."

"एक शब्द बोललो असेन तर दाखव," नाना म्हणाले. "कुठल्या कोशात आहे 'ढब'? हे याच्या पाणीखात्याचे आवाज आहेत. आयुष्यभर मी कट्ट-कडकट्ट केलं, त्याला कुणी बोलणं म्हटलं नाही. आणि गच्चीवर रोज संध्याकाळी तुम्ही सगळे घसा फोडून शिकता, ते मी कानात बोळे घालून ऐकायचं होतं का?"

हेडमास्तरांनी मान डोलावली. शपथ शाबूत असल्याचा निकाल त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकला. सेक्रेटरीने विचार केला आणि सभासद जात नसल्याचं तरी लेखी द्या म्हणाला, पण तोवर ट्रंक वर गेली होती.

ताईचा राग चहाच्या पहिल्या उकळीबरोबर निवला. "मेल्यांनो, मला आधी कळवायचं तरी," एवढंच म्हणून तिने चपला काढल्या आणि आता दोन दिवस राहूनच जाते म्हणाली. वहिनींनी डोळे पुसत मोठं पातेलं चढवलं. सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसले. मासिकातल्या पहिल्या दोन फायद्यांचा अनुभव तक्रारभाऊंना आला नव्हता. स्मरणशक्ती होती तेवढीच राहिली आणि बुद्धीबद्दल वहिनींचं मत बदललं नव्हतं. पण अंगावरचं एवढं मोठं ओझं उतरल्यावर बाकीच्या दोहोंची कुणाला पडली होती?

चहाचा वास सुटला तसे नाना सवयीने उठून खिडकीशी गेले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतंच. मग खिडकीच्या चौकटीवर त्यांचं बोट दोनदा वाजलं, आणि पाठमोरेच ते म्हणाले,

"टुं लप?"

"नाना," तक्रारभाऊ चाचरत म्हणाले, "तुम्ही? चहा?"

नाना वळले. ते सुनेकडे बघत होते, पण बोलत कुणाशी होते ते सगळ्यांना कळत होतं.

"सूनबाई, त्याला सांग. मी चहा सोडलेला आहे. लप सोडलेला नाही."

वहिनी पातेल्याकडे वळल्या, पण तक्रारभाऊंनी त्यांना हातानेच थांबवलं. त्यांनी स्वतः उठून पातेल्यात आणखी एक कप पाणी घातलं.